बिअरच्या गावी चार घटका

‘मिलवॉकीला जाऊन आले’ असं सांगितलं, की आपल्याकडे बहुतेकींना ते गाव ठाऊकच नसतं. ‘तिथं काय पाहिलंस?’ या प्रश्नाला ‘बिअरचा कारखाना’ असं उत्तर दिलं, की समोरचीच्या भुवया वर जातात. तुमच्याही गेल्या असतील. माझ्या तर स्वतःच्याच गेल्या होत्या! लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आईनं पाळणा सोडून असल्या ठिकाणी जावं? पण लेकीनंच हट्ट धरला. “आई, सव्वा महिना झाला, तू घराबाहेर पडलेली नाहीस. या गावात येऊन ते बघितलं नाहीस, तर पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न बघितल्यासारखं होईल!” मी म्हटलं, “अगं, उपमा तरी जरा बघून दे!” पण निघाले.

शिकागोहून उत्तरेला आगगाडीनं दीड तासावर, विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी हे शहर आहे. सरोवर कसलं, समुद्रच म्हणा. पलीकडचा काठ दिसत नाही. फक्त पाणी खारं नाही एवढंच. १८४० नंतर इथं जर्मन कुटुंबं मोठ्या संख्येनं आली, ती बिअरची विद्या गाठीला बांधूनच. हिवाळ्यात गोठलेल्या पाण्याचा बर्फ कापून तळघरात साठवायचा आणि त्या गारव्यात बिअर मुरवायची. पाब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ, मिलर ही मोठी घराणी त्यातूनच उभी राहिली.

आता एक गंमत ऐका. ऑगस्ट क्रुग नावाचा कारखानदार १८५६ मध्ये वारला. त्याच्या हिशेबनिसानं, श्लिट्झनं, कारभार सांभाळला आणि दोन वर्षांनी क्रुगच्या विधवेशी, ॲनाशी लग्न केलं. ब्लाट्झनंही शेजारचा कारखानदार वारल्यावर त्याच्या विधवेशी लग्न करून दोन्ही कारखाने एक केले. पाब्स्ट तर बोटीवरचा कप्तान. बेस्ट घराण्याच्या मुलीशी, मारियाशी, १८६२ मध्ये त्याचं लग्न झालं आणि मग तो सासऱ्याच्या धंद्यात शिरला. म्हणजे कारखाने आले बायकांच्या हातून आणि पाटीवर नावं लागली नवऱ्यांची. आपल्याला यात नवल ते काय वाटणार!

पुढं १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. त्यातूनही ही घराणी तगली, पण नंतरच्या स्पर्धेत एकेक मागं पडलं. श्लिट्झचा इथला कारखाना १९८१ मध्ये बंद झाला, पाब्स्टचा १९९६ मध्ये. मिलर मात्र आजही चालू आहे. थोरले असे विझत असतानाच लहान लहान चुली पेटू लागल्या. १९८७ मध्ये क्लिश आडनावाच्या दोन भावांनी एका जुन्या बेकरीच्या जागेत ‘लेकफ्रंट’ नावाचा छोटा कारखाना काढला. आता तो नदीकाठी, पूर्वी कोळशावर वीज तयार होत असे त्या विटांच्या इमारतीत आहे. आम्ही गेलो तो तिथेच.

आत शिरताच नाकाशी वास आला, तो दारूचा नव्हे, तर नाचणीचं सत्त्व शिजताना येतो तसा. कारण कृतीही जवळपास तशीच! जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, हलके भाजायचे, भरडायचे. मग पासष्ट-सदुसष्ट अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे त्यातली साखर पाण्यात उतरते. पाणी फार तापलं तर बिघडलंच. ते गोड पाणी गाळून उकळायचं. उकळताना हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालायची; त्यानं कडवटपणा येतो आणि टिकाऊपणाही. गार झालं की यीस्ट. इडलीच्या पिठासारखंच मग थंडी-उष्म्याकडे लक्ष ठेवत बसायचं. खाली उरलेला चोथा गुरांच्या पोटात जातो. वाया काही जात नाही.

दाखवणारी मुलगी पंचविशीतली, पायात रबरी बूट. “या धंद्यात बिअर करणं कमी आणि धुणं जास्त,” ती हसून म्हणाली. टाक्या, नळ्या, फरशी! जरा कुठं अस्वच्छता राहिली की सगळा घाणा आंबून फुकट. मला लोणच्याच्या बरण्या आठवल्या. आणखी एका गोष्टीनं तर मी चाटच पडले. गहू-जव न चालणाऱ्यांसाठी २००६ पासून इथं एक निराळी बिअर करतात, आणि ती कशाची? तांदूळ आणि ज्वारीची! आपल्या भाकरीची ज्वारी तिथं भेटेल, असं कोणाच्या ध्यानीमनी होतं?

आता या कारखान्यात एक लाकडी माडी जपून ठेवली आहे, तिची गोष्ट सांगायलाच हवी. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊ. इथल्या संघाचं नावच ‘ब्रूअर्स’, म्हणजे बिअर करणारे. १९७० मध्ये तो या गावात आला, तेव्हा मैदान रिकामं असे. मिल्ट मेसन नावाचा एकोणसत्तर वर्षांचा गृहस्थ मैदानातल्या धावफलकावर जाऊन बसला. चाळीस हजार प्रेक्षक जमेपर्यंत उतरणार नाही, म्हणाला! बसला चाळीस दिवस. अखेर १६ ऑगस्टला चव्वेचाळीस हजारांवर लोक आले, आणि हा दोरावरून घसरत खाली आला. हातपाय पोळले, ते निराळंच. त्याच्या आठवणीनं मैदानावर ‘बर्नी’ नावाचं मिशाळ सोंग आलं. आपल्या खेळाडूनं चेंडू थेट कुंपणापार धाडला, की बर्नी आपल्या माडीतून घसरगुंडीवरून बिअरच्या भल्यामोठ्या पेल्यात उतरायचा. २००१ मध्ये नवं मैदान झालं, जुनं पाडलं. तेव्हाची ती माडी या छोट्या कारखान्यानं आपल्या छपराखाली आणून ठेवली. घरातलं जुनं देवघर कोणी मोडीत काढतं का? तसंच ते.

हा संघ अजून एकदाही अजिंक्यपद जिंकलेला नाही बरं! १९८२ मध्ये शेवटच्या, सातव्या सामन्यात हरला. २०२५ मध्ये तर सगळ्या संघांत जास्त, सत्त्याण्णव सामने जिंकला आणि अंतिम मालिकेच्या उंबरठ्यावर ओळीनं चार हरला. तरी एप्रिल ते सप्टेंबर गाव कानात प्राण आणून ऐकतं. आमचे जावईबापूही टाक्या बघताना एक कान फोनवरच्या समालोचनाला देऊन होते.

आणि आता मनातलं सांगते. माझा धाकटा भाऊ दारूनं गेला, बेचाळिसाव्या वर्षी. आपल्या गावागावांत बायका मतदान करून दारूचं दुकान बंद पाडतात, ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारतात, मी त्यांच्याच बाजूची. सामन्याच्या दिवशी जावई एक पेला घेतात, हे मला तिथं गेल्यावर कळलं होतं. तेव्हापासून घास गोड लागत नव्हता, पण बोलणार कशी? लेकीनं ते ओळखलं असणार. म्हणूनच हा हट्ट.

आम्ही दिवाणखान्याएवढ्या लांब बाकावर बसलो. लेकीनं नि मी रूट बिअर घेतली. नाव तेवढं बिअरचं, आहे साधं गोड सरबत. जावयांनी एक पेला घेतला. मी मोजत होते, आणि मी मोजतेय हे त्यांना ठाऊक होतं. पेला संपल्यावर त्यांनी गाडीची किल्ली लेकीच्या हातावर ठेवली आणि मला म्हणाले, “आई, मामांचं मला माहीत आहे. तुम्ही विचारत जा. मला राग नाही यायचा.”

माझी भीती गेली का? नाही. ती जायची नाही. पण घशात अडकलेली होती ती बाहेर तरी आली. आता दर रविवारी फोनवर मी सामन्याचं विचारते आणि मग पेल्याचंही विचारते. ते दोन्हींचं उत्तर देतात.

तुमचं कधी जाणं झालं, तर एप्रिलमध्येही स्वेटर बरोबर असू द्या. सरोवराचा वारा बोचतो. शाकाहारी असाल तर चीजच्या तळलेल्या गोळ्या मागा, आपल्या भज्यांची हौस भागते. आणि ती लाकडी माडी जरूर बघा.