कौलं परतली त्या वर्षी

मे महिना लागला की आमच्या घरावर माणसं चढायची. कोकणातल्या कौलारू घराचं हे वर्षाचं दुखणं आहे. वर्षभर वांदर कौलांवरून उड्या मारतात, फणसाची फांदी पडते, वाऱ्याने कौल सरकतं, वाळवी रिपा खाते, आणि हे सगळं कळतं कधी, तर पाऊस पडल्यावर. म्हणून पावसाआधी कौलं परतून घ्यायची. परतायची म्हणजे एका बाजूचं पाखं उघडं करायचं, एकेक कौल खाली घ्यायचं, शेवाळ घासायचं, फुटकं बाजूला काढायचं, कुजलेल्या रिपा बदलायच्या आणि पुन्हा वळचणीकडून आढ्याकडे रचत जायचं. सात जूनला मृग लागतो. पण रोहिणीतला पाऊसही कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून मे संपायच्या आत घर झाकलेलं बरं.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, हमरस्त्यापासून बरंच आत. घराच्या पुढच्या बाजूला मंगळुरी कौलं, मागच्या पाख्याला गावठी नळे आणि पडवीवर माडाच्या झापांची झड. दरवर्षी वाडीतले दोघे जण कौलं परतायला यायचे. दोन दिवसांची मजुरी, सकाळ-संध्याकाळ चहा आणि दुपारी भात-आमटी. मजुरीचे पैसे मुंबईहून यायचे. बाबा गिरणीत होता, साचेखात्यात. आम्ही मुलं तेव्हा नुसती बघ्याची. बय, म्हणजे आमची आजी, अंगणातसुद्धा उभं राहू द्यायची नाही. "कौल डोक्यात पडला तर बापाला काय सांगू?" असं ओरडून आम्हाला पिटाळायची.

१९८२ साल मात्र निराळं उजाडलं. १८ जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांचं नाव तोवर आम्हा पोरांना ठाऊक नव्हतं, पुढे ते वाडीत रोज ऐकू यायला लागलं. अडीच लाख माणसं कामावर गेली नाहीत, त्यात आमच्या एवढ्याशा वाडीतली नऊ होती. पहिले दोन महिने सगळे मुंबईतच थांबले, आज मिटेल उद्या मिटेल करत. खानावळीचे पैसे थकले तसे एकेक करून गावाला यायला लागले. बाबा शिमग्याला आला. शिमग्याला तो एरवीही यायचा, पालखी नाचवून आठ दिवसांत परत जायचा. त्या वर्षी पालखी देवळात गेली तरी बाबा घरीच होता. त्याची ट्रंक खाटेखाली सरकवली गेली तेव्हा आम्हा भावंडांना केवढा आनंद झाला! मी अकरा वर्षांची, थोरला भाऊ चौदाचा, धाकटा सात. बाप सलग इतके दिवस घरात, हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

आनंदाला एकच गालबोट होतं, ते रात्रीचं. साच्यांच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेला माणूस हळू बोलू शकत नाही. वाडीतले साचेखात्यातले सगळेच मोठ्याने बोलायचे. लहानपणी मला वाटायचं, मुंबईत अशीच बोलायची रीत असेल. त्यामुळे आईने रात्री कुजबुजत काही विचारलं की बाबा म्हणायचा, "काय?" मग आई जरा मोठ्याने. पुन्हा "काय?"

"बांगड्या आहेत म्हटलं, बांगड्या!"

तोवर घरातले सगळे जागे. बय कूस बदलायची, थोरला भाऊ गोधडी डोक्यावर ओढून घ्यायचा. वाण्याची उधारी किती, सोसायटीचा हप्ता कधी, बियाण्याचं भात ठेवून उरलेलं किती महिने पुरेल, सगळं आम्हाला पाठ झालं. सकाळी मात्र कोणी काही ऐकलेलं नसायचं.

परीक्षा संपल्या, सुट्टी पडली. एरवी मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं येत, बिस्किटांचे पुडे, लालबागचा चिवडा आणत. त्या वर्षीही आली, पण रिकाम्या हातांनी आणि लवकर. त्यांतली काही जूनमध्ये परत गेलीच नाहीत, आमच्याच शाळेत दाखल झाली. पोरांची मोठी टोळी जमली आणि दिवसभर रानात उंडारायला लागली. करवंदं, जांभळं, काजूचे बोंडू, वहाळातले खेकडे. आईने एक दिवस बाबाला सांगितलं, "पोरं उन्हात फिरून करपली. तुम्ही कौलं काढा आणि यांना हाताखाली घ्या. माणसं लावायला पैसे कुठायत?"

आई आमचं निमित्त करत होती, हे मला फार उशिरा कळलं. बाबा तोवर सकाळी उठून नाक्यावरच्या दुकानात जायचा. कोणीतरी राजापुराहून पेपर आणलेला असायचा, तो वाचायचा, दुपारी घरी येऊन ओटीवर झोपायचा नि संध्याकाळी पुन्हा जायचा. ज्याला वीस वर्षं पाळीच्या भोंग्यावर उठायची सवय, त्याला भोंगाच नाहीसा झाल्यावर दिवसाचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

कौलं काढायची तर आधी माळा रिकामा करावा लागतो, वर धुरळा आणि खाली भांडी-धान्य. माळ्यावरून काय काय निघालं! मोडका पाळणा, बयच्या लग्नातली समई, नारळाच्या करवंट्यांची पोती आणि वाशाला अडकवलेली एक तार. तारेत मनिऑर्डरींची कुपनं ओवलेली. मनिऑर्डर आली की पैशांबरोबर जे कुपन तेव्हा हातात पडायचं, ज्यावर दोन ओळींची खुशाली लिहिता यायची, ते आईने एकही टाकलं नव्हतं. बाबा तिथेच माळ्यावर बसून ती बघत राहिला. धाकटा भाऊ खालून ओरडत होता, "बाबा, टोपली सोडा." बाबाला ऐकू आलं नाही असं आम्हाला वाटलं. शेवटचं कुपन जानेवारीचं होतं. मग त्याने तार पुन्हा वाशाला होती तशी अडकवली आणि टोपली सोडली.

दुसऱ्या दिवशी कौलं खाली यायला लागली. बाबा वर, थोरला शिडीच्या मध्यावर, मी खाली आणि धाकटा माझ्यापासून अंगणाच्या कडेपर्यंत. मंगळुरी कौल दोन-अडीच किलोचं असतं, दहा कौलांनंतर खांदे बोलायला लागतात. कौलाखाली विंचू निघायचे, पालीची अंडी निघायची. एकदा तर थोरल्याचा दोन वर्षांमागे हरवलेला चेंडू निघाला, कुजून मऊ झालेला. कौलांच्या पाठीवर कारखान्याची इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात. मला त्याच वर्षी पाचवीत इंग्रजी लागलं होतं. मी अक्षर अक्षर जुळवून बासेल मिशन टाइल वर्क्स असं वाचलं आणि खाली आकडा होता १८६५. मी धावत बयकडे गेले, आपलं घर १८६५ सालचं म्हणून. बय म्हणाली, "मेल्या, माझ्या सासऱ्याने बांधला, तो काय तेव्हा होता?" ते साल कारखान्याचं, हे बाबाने सांगितलं. पण मला ते कौल फार मोलाचं वाटायला लागलं.

नारळाच्या सोडणाने कौल घासायचं, मग वाजवून बघायचं. एका कोपऱ्याला धरून अधांतरी ठेवायचं आणि बोटाच्या पेराने टकटक करायचं. चांगलं कौल खणखणीत वाजतं. चीर गेलेलं बद्द वाजतं, मग ती चीर डोळ्यांना दिसो न दिसो. पहिले दोन दिवस हे काम बाबानेच केलं. पोरांना काय कळतंय, म्हणाला. त्याचा चांगल्या कौलांचा ढीग उंच होत गेला आणि फुटक्यांचा अगदी छोटा राहिला. बाबा खुशीत होता. आईला म्हणाला, "यंदा कौलं विकत आणायला नकोत."

मी सोडण घेऊन त्या चांगल्या ढिगाशेजारी बसले होते. सहज चाळा म्हणून वरचं कौल उचलून वाजवलं. बद्द. दुसरं वाजवलं, खणखणीत. चौथं पुन्हा बद्द.

"बाबा, हे फुटलंय."

"कुठे फुटलंय? बघितलंय मी."

मी पुन्हा वाजवलं. बाबाने ते हातात घेतलं, वाजवलं, मग कानाजवळ नेऊन वाजवलं. मग शेजारचं चांगलं कौल उचलून तेही कानाशी नेऊन वाजवलं. एकदा हे, एकदा ते, असं त्याने तीनचारदा केलं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. शाळेत फळ्यावरचं न दिसणारं पोर जसं इकडेतिकडे बघतं, तसा तो दाराकडे बघायला लागला. दारात आई उभी होती, हातात कोकमांची पाटी घेऊन. ती काही न बोलता आत गेली.

"तू वाजव," बाबा मला म्हणाला. "मी वर चढतो."

तेव्हापासून वाजवायचं काम माझ्याकडे आलं. बाबाने तपासलेला सगळा ढीग मी पहिल्यापासून वाजवला. सत्तरेक कौलं बाद निघाली.

आता प्रश्न आला. नवी कौलं घ्यायला पैसे नाहीत, तेव्हा गळणार हे नक्कीच, मग कुठे गळू द्यायचं? त्या रात्री याच्यावर चर्चा झाली आणि अर्थातच ती आम्ही सगळ्यांनी ऐकली. बय म्हणाली, देवावर आणि कणगीवर गळता कामा नये. आई म्हणाली, चुलीवर नको, ओली चूल पेटवून पेटवून जीव जातो. थोरला अंधारातून म्हणाला, "माझ्या पुस्तकांवर नको." म्हणजे तोही जागाच होता. शेवटी असं ठरलं की बाद कौलं ओटीच्या बाहेरच्या कडेला लावायची आणि त्यातल्या त्यात बरी असतील ती डागडुजी करून. बाबाच्या ट्रंकेत गिरणीतल्या कापडाच्या चिंध्या होत्या, भांडीबिंडी पुसायला म्हणून आणलेल्या. रस्त्याच्या कामावरचं उरलेलं डांबर वाडीत एकाकडे डब्यात होतं. डांबर तापवायचं, चिंधी त्यात बुडवायची आणि चिरेवर दाबून बसवायची. बाबाचे हात या कामाला झकास. तुटलेला धागा जोडायची साचेवाल्यांची गाठ त्याने आम्हाला सुंभावर शिकवली ती याच दिवसांत. दोन बोटांत, डोळ्यांसमोरून जाईपर्यंत गाठ झालेली असायची. धाकट्याने मग दिसेल ते बांधून ठेवायला सुरुवात केली, गुरांच्या शेपट्यांसकट.

पोफळीच्या नव्या रिपा घातल्या, वाशांना काजूच्या टरफलांचं काळं तेल लावलं. त्या तेलाने कातडी भाजते, म्हणून ते काम एकट्या बाबाने केलं आणि दोन्ही मनगटांवर फोड आणले. वर कौलं चढायला लागली. रोज थोडी वाजवायची, थोडी द्यायची.

शेवटच्या दिवशी आढ्याजवळच्या ओळी राहिल्या होत्या. वाडीतली पोरं करवंदांना निघाली आणि मला कुंपणापलीकडून हाका मारत राहिली. माझ्यापुढे चाळीसेक कौलं होती, अजून न घासलेली. मी ती न घासता, न वाजवता पटापट थोरल्याच्या हातात दिली. त्यालाही जायचं होतं. बाबा वरून म्हणाला, "झाली सगळी वाजवून?"

"झाली!" मी ओरडले. त्याला ऐकू जावं म्हणून दोनदा ओरडले.

मृगाच्या तिसऱ्या रात्री पाऊस आला तो धो धो. ओटीच्या कडेला गळणार म्हणून तिथे आम्ही पातेली मांडून ठेवलेली. तिथे थेंब नाही, चिंध्या टिकल्या. गळलं ते माजघरात, आढ्याखाली, सरळ कणगीवर. बयने आरडाओरडा केला. बाबा कंदील घेऊन उठला, आई नि थोरला कणगी ढकलायला लागले, पण भरली कणगी हलते होय? वर घोंगडी टाकली, इरली टाकली. सकाळपर्यंत वरचं तीनचार पायली भात भिजलं होतं. ते नंतर चुलीवरच्या उतवावर वाळवलं आणि श्रावणापर्यंत आम्ही तो कुबट भात खाल्ला.

बाबा म्हणाला, "माझ्याच हातचं राहिलं असणार. पहिल्या दोन दिवसांतलं."

मी गप्प बसले. त्याच्या ढिगातलं एकूणएक कौल मी वाजवलं होतं, हे मला ठाऊक होतं.

संप मिटला असं कोणी कधी जाहीर केलं नाही. बाबा गणपतीनंतर मुंबईला जाऊन आला, पुढच्या वर्षी पुन्हा गेला. त्याच्या गिरणीने त्याला घेतलं नाही. तो गावालाच राहिला, भात आणि काजू करत. दरवर्षी मे महिन्यात आम्ही कौलं परतली आणि माझं लग्न होईपर्यंत वाजवायचं काम माझंच होतं. राजापूरच्या बाजारात मडकं घ्यायचं झालं तरी बाबा मला बरोबर न्यायचा. कुंभारासमोर मडकं माझ्या हातात द्यायचा आणि दुसरीकडे बघत म्हणायचा, "वाजव बघू."

त्या चाळीस कौलांचं मी त्याला सांगितलं ते चोवीस वर्षांनी, माहेरपणाला गेले होते तेव्हा. तो ओटीवर बसून सुपारी कातरत होता. मी हळूच सांगितलं. "काय?" म्हणाला. मी जरा मोठ्याने सांगितलं. "काय?" शेवटी ओरडून सांगितलं, शेजारच्या अंगणातली बाई वाळवण सोडून बघायला लागली.

बाबाने सुपारी तोंडात टाकली. "ठाऊक होतं मला," म्हणाला. "शेवाळ तसंच होतं त्यांच्यावर. डोळे तर होते की मला." थोडा वेळ चघळत बसला. "म्हटलं, जाऊ दे पोरांना. चाळिसातलं एखादं निघेल फुटकं."

मग आतल्या बाजूला तोंड करून त्याने आईला मोठ्याने विचारलं, "काय गो, त्या वर्षीची करवंदं आंबटच होती ना?"