चौकटीवरचा जुना रंग

जुन्या सागवानी चौकटीवर रंगाचे किती थर आहेत, हे ती खरवडल्याखेरीज कळत नाही. आपल्या वसतिगृहाच्या चौकटींवर सात निघाले. वरचा तपकिरी, त्याखाली दोन निळे, मग पोपटी, पिवळा, पुन्हा एक पिवळा आणि सर्वांत खाली फिकट गुलाबी प्रायमर. हा गुलाबी थर दिसला की जुना रंगारी सावध होतो. पूर्वी लाकडाच्या प्रायमरला तो रंग शिशाच्या संयुगांमुळे येत असे. पिवळ्या आणि हिरव्या तैलरंगांतही शिसे सर्रास असे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपल्या चौकटी त्याच्या कितीतरी आधी रंगलेल्या.

महोत्सवापूर्वी वसतिगृह रंगवायचे ठरले, तेव्हा यंत्राची चकती लावून दोन दिवसांत सर्व चौकटी लाकडापर्यंत साफ करून देण्याची तयारी एका कंत्राटदाराने दाखविली. ते शक्यही होते. परंतु चकतीने उडालेली धूळ पिठासारखी बारीक असते. ती कौलांच्या वाशांवर, कपाटांच्या फटींत, गाद्यांच्या अभ्रात जाऊन बसते आणि महिनोन्महिने खाली येत राहते. आपली मुले जमिनीवर पंगतीने जेवतात, जमिनीवरच चटई अंथरून अभ्यास करतात. पोटात गेलेले शिसे लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट अधिक शोषून घेते, आणि त्याचा घाव बुद्धीवर बसतो. निर्धोक म्हणावे असे त्याचे कोणतेही प्रमाण आढळलेले नाही. ज्या समाजाने पोटाला चिमटा घेऊन मुले शिकण्यासाठी येथे धाडली, त्या मुलांच्या बुद्धीवर आपण दारे चकचकीत करण्यासाठी धूळ उडवावी काय? पंचवीस वर्षे रंगकाम करून पोट भरलेल्या मला हा प्रश्न टाळता येईना. चौकटींचे काम आम्हा काही माजी विद्यार्थ्यांकडे द्यावे, अशी विनंती मी केली आणि समितीने ती मानली.

पहिला निर्णय असा की, सगळा रंग काढायचाच नाही. जेथे तो घट्ट धरून आहे तेथे त्याला हात लावू नये. ओल्या फडक्याने पुसून, हलकासा ओला कागद फिरवून वरून नवा रंग द्यावा. घट्ट रंगाखाली अडकलेले शिसे कोणाला बाधत नाही. धूळ होते ती पोपडे सुटतात तेथे आणि दाराची फळी चौकटीच्या खाचेत घासते तेथे. दिवसातून शंभर वेळा दार लोटले जाते आणि प्रत्येक वेळी चिमूटभर भुकटी उंबरठ्यावर पडते. म्हणून खाच, बिजागऱ्यांची बाजू आणि उंबरठ्यालगतचा हातभर भाग एवढेच आम्ही लाकडापर्यंत नेले.

काम मे महिन्यात, मुले गावी गेल्यावर केले. खोली रिकामी करून दाराच्या दोन्ही बाजूंना जाड प्लास्टिक अंथरले, कडा चिकटपट्टीने बंद केल्या. जवळच्या बटणांचा वीजप्रवाह तोडला, कारण पुढचे सारे काम पाण्याचे. बाटलीत पाणी आणि साबणाचे चार थेंब घालून हातभर जागेवर फवारायचे, थोडे मुरू द्यायचे आणि मग धारदार पत्र्याने लाकडाच्या रेषेच्या दिशेने ओढायचे. ओला रंग भुकटी न होता सालीसारखा गळून पडतो. जागा सुकू लागली की पुन्हा फवारा. कडांसाठी वॉटर पेपर, तोही बुडवूनच. नाकावर एन-९५ मास्क. साधा रुमाल या कामात निरुपयोगी.

ब्लोलॅम्प मी कोणाला धरू दिला नाही. ज्योतीच्या उष्णतेने शिशाची वाफ होते, आणि ती मास्कही अडवीत नाही. कॉस्टिक सोडा रंग झटकन सोडवतो. पण सागवान काळे पडते, रेषा फुगतात आणि हाताची कातडी जाते. बाजारातल्या काही पेंट रिमूव्हरांत मेथिलीन क्लोराइड असते. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसे दगावली आहेत. पाणी आणि पत्रा यांना वेळ मात्र लागतो: एका चौकटीला दोघांचा अख्खा दिवस. आमच्यातल्या एकाने, बँकेतून निवृत्त झालेल्या, तिसऱ्या दिवशी विचारले, “दादा, अशाने महोत्सव होऊन जाईल ना?” झाला असता तरी चालले असते, असे माझे आजही मत आहे.

संध्याकाळी झाडू मारायचा नाही, हा नियम पाळायला सर्वांत अवघड गेला. आपल्या हातांना झाडूची सवयच तशी. प्लास्टिक आतल्या बाजूला दुमडून पिशवीत बांधायचे, फरशी दोन बादल्यांनी पुसायची, एक साबणाची, एक स्वच्छ पाण्याची. पोपडे जाळायचे नाहीत, बोधिवृक्षाच्या आळ्यातही टाकायचे नाहीत. अंगावरचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवायचे. रंगाऱ्यांच्या घरातली मुले बापाच्या सदऱ्यावरची धूळ खातात, हे आमच्या धंद्यात कोणी मोठ्याने बोलत नाही.

पाचव्या खोलीत पोपटी थराखाली कर्कटकाने कोरलेली तीन आद्याक्षरे आणि एक वर्ष निघाले: १९८३. ती लांबीने बुजवावीत असे काहींचे म्हणणे होते. शेवटी तेथे रंग न देता तेलाचा हात दिला.

जूनमध्ये मुले परतली तेव्हा अकरा खोल्यांची दारे तयार होती. बाराव्या खोलीची चौकट राहिली आहे. तिचे दार तूर्त उघडेच अडकवून ठेवले आहे, म्हणजे खाच घासणार नाही. येत्या मे महिन्यात ज्यांना येणे जमेल त्यांनी जुने कपडे आणि स्वतःचा पत्रा घेऊन यावे.