आधी तुकडा, मग खाच

कळंबच्या बाजूला जाणे झाले की मिस्त्रींच्या पडवीत घटकाभर बसल्यावाचून मला परतता येत नाही. नीरेच्या पाण्यावर पोसलेले उसाचे मळे आणि पडवीत रंध्याखालून निघणाऱ्या छिलक्यांचा वास, ही दोन्ही माझ्या मनात एकत्रच राहतात. मिस्त्रींनी तीस वर्षे एका कारखान्याच्या ओतशाळेत लाकडी पॅटर्न घडवले. पॅटर्नभोवती रेती ठासायची, तो अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा, ही ओतकामाची रीत. थंड होताना लोखंड शेकडा एकाच्या आसपास आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो. मिस्त्रींच्या या हिशेबात कधी केसाचीही चूक झाली नाही. चूक झाली ती घरात, आणि तिच्यात माझाही वाटा होता.

ही गोष्ट मिस्त्रींनी स्वतःच चारचौघांत सांगितली आहे आणि त्यांच्या संमतीनेच मी ती लिहीत आहे.

2011 साली मी या भागात साहाय्यक धर्मगुरू होतो. सेमिनरीत असताना गिटारवर बोटे फिरवायला शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर गायनवृंदातील मुलांना शिकवीत असे. मिस्त्रींचा धाकटा मुलगा त्यांत सर्वांत तयार. बारावीचे वर्ष आले तरी त्याच्या हातची गिटार सुटेना. एके दिवशी मिस्त्री चिंतातुर होऊन मजकडे आले आणि म्हणाले, “फादर, तुमचंच ऐकतो तो. काय करू?” मी घाईत होतो. “थोडा धाक दाखवा,” असे बोलून मी मोटारसायकलला किक मारली.

त्या रात्री मिस्त्रींनी धाक दाखवला. गिटार अंगणातल्या दगडी पायरीवर आपटली. मुलगा काही बोलला नाही. परीक्षा झाल्यावर तो पुण्यास गेला, तेथेच नोकरीला लागला. आईच्या आजारपणात येई, दोन दिवस राही, वडिलांशी कामापुरते बोले. पुढे माझीही बदली झाली. त्या आपटलेल्या गिटारीचे तुकडे आईने गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवले होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती माउली 2022 साली प्रभुघरी गेली, तेव्हा माळा आवरताना ती गाठोडी मिस्त्रींच्या हाती लागली.

2023 मध्ये माझी पुन्हा याच भागात नेमणूक झाली. एका संध्याकाळी मिस्त्री आले आणि मान खाली घालून म्हणाले, “फादर, तुमची गिटार आठ दिवस द्याल का? मापं घ्यायची आहेत.”

त्यांना नवी गिटार विकत घेता आली असती. तसे मी सुचवलेही. ते म्हणाले, “मोडली या हातांनी. बाजारातली आणून कसं भागेल?”

मग मीही थोडे वाचन केले. आजच्या स्पॅनिश गिटारला जिने घाट दिला ती व्यक्ती म्हणजे अँतोनियो दे तोरेस (1817–1892), आणि हा गृहस्थ मुळात सुतार! नाद तबकडीच्या, म्हणजे वरच्या पातळ फळीच्या घडणीत असतो, हे दाखवण्यासाठी त्याने 1862 साली एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. हे ऐकून मिस्त्री कितीतरी दिवसांनी हसले. त्यांनी जपून ठेवलेली देवदाराची फळी काढली आणि रंधत रंधत तीन मिलिमीटरांच्याही खाली आणली. शिसवीच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या नळीवर वाकवल्या. तारेची लांबी 650 मिलिमीटर धरली, म्हणजे बारावा पडदा बरोबर 325 वर. सहा पोलादी तारांचा ताण मिळून 70 किलोंच्या आसपास जातो. तो त्या पातळ फळीने पेलावा म्हणून आतून काटक्यांचा आधार दिला.

अडले ते नक्षीपाशी. नादछिद्राभोवती कळंबाची पाने आणि गोल फुले जडवायची, असे त्यांनी ठरवले होते. कळंब म्हणजे कदंब. गावाच्या नावाचेच झाड. पाने घडवायची ती मोडक्या गिटारीच्या लाकडातून. पण जुने तुकडे वेडेवाकडे फाटलेले. मिस्त्री आधी तबकडीत सुबक खाच पाडून पाहत आणि मग तुकडा तिच्या मापाने घाशीत. नमुन्याच्या फळीवर सात वेळा केले. तुकडा एक तर सैल बसे, नाहीतर घासता घासता तुटून जाई.

म्हणून 2024 च्या पावसाळ्यात आम्ही दोघे पंढरपूरमार्गे मिरजेला गेलो. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरच्याच परिसरात पिकतो, ही माहिती मला त्या प्रवासात मिळाली. मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने, फरीदसाहेब या कारागिराने शस्त्रे सोडून तंतुवाद्ये हाती घेतली आणि तो वारसा आजतागायत चालत आला. उस्ताद अब्दुल करीम खाँ (निधन 1937) यांच्यासारखा सुरांचा पारखी या गावी राहिला आणि कारागिरांचे कान अधिकच तयार झाले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तलवारींचे नांगराचे फाळ होतील, हे यशया संदेष्ट्याचे वचन मी कितीदा वेदीवरून समजावले असेन. तलवारीची तंबोरी झालेली मात्र त्या गल्लीत प्रथमच पाहिली.

एका वयोवृद्ध कारागिराने आम्हांला बसवून घेतले. तंबोऱ्यावर पूर्वी हस्तिदंताची नक्षी असे. हस्तिदंताच्या व्यापारावर कायद्याने बंदी आल्यावर आता सेल्युलॉइडच्या पट्ट्यांवर वेलबुट्टी कोरतात, रेषांत काळी लाख भरतात, असे त्यांनी दाखवले. मिस्त्रींनी खिशातून तुकडा काढून आपली अडचण सांगितली. म्हातारबाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “मिस्त्री, तुमचं उलटं चाललंय. आधी तुकडा, मग खाच. तुकडा फळीवर ठेवायचा, त्याच्या कडेनं टोकदार सुईनं रेघ ओढायची, आणि तेवढंच कोरायचं. मोडलेला तुकडा आणखी किती घासणार? नव्या लाकडालाच त्याच्यासाठी जागा करू द्या.”

परतीच्या गाडीत मिस्त्री खिडकीबाहेर पाहत बसले होते. मलाही झोप लागली नाही. आम्ही धर्मगुरू, तुम्ही आईबाप, आपण सारेच बहुधा खाच आधी पाडून ठेवतो. मुलाने असे व्हावे, सुनेने तसे वागावे, मंडळीतल्या माणसाने अमुक आकाराचे असावे. मग तो मापात बसेना की घासू लागतो. त्यालाच आपण शिस्त म्हणतो. 2011 साली मोटारसायकलवर बसता बसता मी नेमकी तीच कानस मिस्त्रींच्या हाती दिली होती. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप मुलाने पाठ केलेले भाषण पुरे होऊ देत नाही; मुलगा जसा आला तसाच त्याला मिठीत घेतो. हा दाखला मी अनेकदा फोड करून सांगितला, पण त्याचा अर्थ मला मिरजेच्या एका मुसलमान कारागिराने उलगडून दिला.

आगमनकाळाच्या अखेरीस गिटार पुरी झाली. देवदाराच्या फिकट फळीवर गडद पानांचे कडे उमटले होते. एका पानावर जुना ओरखडा तसाच राखलेला. एक जोड किंचित दिसतो. मिस्त्रींनी तो लपवला नाही.

नाताळला मुलगा आला. दुपारी मीही गेलो होतो. मिस्त्रींनी गिटार त्याच्या पुढ्यात ठेवली आणि उभेच राहिले. मुलाने नक्षीवरून बोट फिरवले. ओरखड्यापाशी ते थांबले. “हे त्या गिटारीचं लाकूड?” त्याने विचारले. “तुझ्या आईनं ठेवलं होतं,” मिस्त्री म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “चुकलं माझं, बाळा.” मग मीही माझे ते एक वाक्य मुलाला सांगितले आणि क्षमा मागितली. ते त्याला ठाऊक नव्हते. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मला उत्तर त्याने दिले नाही, आणि ते मागण्याचा मला हक्कही नव्हता. त्याने खुंट्या पिळून तारा सुरात लावल्या, एक स्वरमेळ वाजवला आणि कान टेकून तो विरेपर्यंत ऐकला.

दुसऱ्या दिवशी पुण्यास निघताना त्याने गिटार बरोबर घेतली नाही. मिस्त्रींचा चेहरा उतरलेला पाहून तो म्हणाला, “दादा, इथंच राहू द्या. आलो की वाजवीन.”

त्यानंतर तो दर महिन्याला येतो. गिटार पडवीतल्या खुंटीला असते. मिस्त्री रोज तिच्यावरची धूळ पुसतात; तारांना मात्र हात लावत नाहीत.