वजं

आमच्या भोंगवलीत ओझ्याला वजं म्हणतात. आजीच्या तोंडून हा शब्द मी इतक्यांदा ऐकला आहे की सॅक पाठीवर चढवताना आजही मनात तोच उमटतो. आजी शेतावर भाकरी घेऊन निघायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत भाकऱ्यांचं फडकं, कोरड्यासाचं भांडं, ताकाची चरवी आणि वर खुरपं. हात दोन्ही मोकळे. बांधावरून, ओढ्यातल्या दगडांवरून ती मान न हलवता जायची. तिच्या मागून मी, खताच्या गोणीचं शिवलेलं दप्तर एका खांद्यावर टाकून तिरकी तिरकी चालायची. दप्तर दर पावलाला मांडीवर आपटायचं. एकदा तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडला, ते दप्तर माझ्या पाठीशी घट्ट आवळून बांधलं आणि म्हणाली, "वजं अंगाला लागून असलं की जड लागत नाय. लांब लोंबलं की तेच वढतं."

त्याच सुमारास तिच्याबरोबर चैत्रात शिखर शिंगणापूरला गेले होते. चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडची तेल्या भुत्याची कावड मुंगी घाटातून वर चढते. घाट म्हणजे नावालाच घाट, उभा कडाच तो. पाण्यानं भरलेली भांडी, त्यांना जोडणारं लाकूड, ध्वज, असं सगळं ते धूड माणसं हातात हात गुंफून, मानवी साखळी करून वर नेतात. मी आजीचं बोट धरून खाली उभी होते. वरून खडे घरंगळत येत होते, "हर हर महादेव" उठत होतं, आणि मला मात्र एकच दिसत होतं: कावड ज्यांच्या खांद्यावर होती त्यांचे गाल लाकडाला टेकलेले होते. त्या उतारावर लाकूड अंगापासून वीतभर जरी सुटलं असतं, तर कावडीनं त्यांना मागे खेचलं असतं. चालताना वजं कसं न्यावं हे आजीनं शिकवलं, चढताना कसं न्यावं हे मुंगी घाटानं दाखवलं. दोन्ही एकाच सॅकमध्ये कसं बसवायचं, यात पुढची तीस-पस्तीस वर्षं गेली.

कॉलेजसाठी पुण्याला आले आणि गडांचं वेड लागलं. माझी पहिली सॅक म्हणजे जुन्या बाजारातून रविवारी घासाघीस करून आणलेला खाकी पिट्टू. जाड कॅनव्हास, पितळी बकलं, पाठीला आधार म्हणून काहीच नाही. स्टोव्ह पाठीत टोचू नये म्हणून मी पाठीच्या बाजूला घोंगडीची घडी घालायची. पावसात तो भिजला की रिकामाच दोन-तीन किलोंचा वाटायचा. तरी त्याच्यासह मी रोहिडा पाहिला, केंजळगडाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या चढले, आणि रायरेश्वराच्या लोखंडी शिडीवर एका जंगम आजोबांच्या मागे उभी राहिले. पठारावर राहणारी ती माणसं. मीठ, रॉकेल, धान्य, सारं खालून पाठीवर न्यायचं. आजोबांच्या पाठीवर ज्वारीचं पोतं होतं, दोराच्या एका फाशानं बांधलेलं, मानेपासून कमरेपर्यंत टेकलेलं. शिडीवर ते तोल सावरायला एकदाही थांबले नाहीत. मी तीनदा थांबले.

मग नोकरी लागली आणि मी पहिली मोठी खरेदी केली. तंबू शिवणाऱ्या एका कारागिराकडची, अॅल्युमिनियमच्या चौकटीची साठ लिटरची निळी सॅक. तेव्हा तिचा केवढा अभिमान होता! कमरेला रुंद पट्टा होता, आणि तो आवळला की खांदे खरोखर हलके व्हायचे. या पट्ट्यामागची गोष्ट मला फार आवडते. 1950च्या सुमारास अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, डिक केल्टी नावाचा एक सुतारकाम करणारा माणूस डोंगरात हिंडायचा. एकदा चालता चालता त्यानं चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली, आणि खांद्यावरचं वजन एकदम कमरेवर उतरलं. तिथून कमरपट्टा सुचला. 1952पासून त्यानं चौकटी बनवून विकायला सुरुवात केली, आणि कापडी भाग त्याची बायको नेना घरी शिवायची. कमरेचं हाड हेच शरीरातलं वजन पेलणारं खरं जोतं. त्याच्यावर वजन उतरलं की पायांना कळतं आणि खांदे विसरतात. आजीची चुंबळ वेगळं काय करत होती? वजन सरळ मणक्यावर आणून पायांकडे सोडून देत होती.

त्या निळ्या सॅकनं मला राजगडाच्या चोरदरवाजापर्यंत काही त्रास दिला नाही. पद्मावती माची, संजीवनी माची, सगळीकडे ती माझ्याबरोबर होती. पण राजगडाहून तोरण्याला निघालो तेव्हा तिचा स्वभाव कळला. संजीवनीवरून अळू दरवाज्यातून उतरायचं, धारेधारेनं जायचं, आणि शेवटी तोरण्याच्या बुधला माचीकडे रडतोंडी बुरुजापाशी चढायचं. तिथे उभ्या चढावर मान वर करायला गेले तर चौकटीची वरची नळी डोक्याच्या मागे बसली. मला वर पाहता येईना. कपारीतून अंग काढताना तीच नळी वरच्या खडकाला अडली आणि मला बाहेर, दरीकडे ढकलू लागली. वरच्या मैत्रिणीनं हात दिला. मी वर आले, पण त्या रात्री मेंगाईच्या देवळात झोपताना पाठ दुखत होती ती नुसत्या वजनानं नव्हे. ती सॅक माझ्या पाठीची नव्हतीच. माझ्यापेक्षा हातभर उंच माणसासाठी तिची चौकट घडवली होती.

त्या काळात बाजारात मिळणाऱ्या सॅका पुरुषांच्या मापानं शिवलेल्या असत, आणि आम्ही मुली ते निमूट मान्य करत होतो. उंचीवरून सॅक निवडायची नसते, हे मला फार उशिरा कळलं. मोजायची ती पाठ. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी एक मणका ठळक वर येतो. तिथून खाली, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांना जोडणारी जी आडवी रेघ येते, तिथपर्यंत. दोघी सारख्या उंचीच्या, पण एकीचे पाय लांब आणि दुसरीची पाठ लांब, असं सर्रास असतं. माझी पाठ आखूड आहे. त्या निळ्या सॅकचा पट्टा माझ्या कमरेखाली, मांड्यांवर बसायचा, आणि मी चौदा-पंधरा किलोंतलं बरंचसं खांद्यांवरच वाहत होते.

लिंगाण्यानं उरलेलं शिकवलं. वेल्ह्यातल्या मोहरीहून निघालो तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील. रायलिंगाचं पठार, तिथून बोराट्याची नाळ, धोंड्यांनी भरलेली, प्रत्येक पाऊल तपासून टाकायचं. इथवर हा निव्वळ पायी प्रवास. पाण्यानं, दोरांनी, लोखंडानं भरलेली मोठी सॅक, घट्ट आवळलेला कमरपट्टा, सारं योग्य. मोहरी सोडल्यावर पाण्याचा भरवसा धरायचा नसतो, त्यामुळे एकेकीकडे चार-चार लिटर, म्हणजे चार किलो तर पाणीच. मग रायलिंग आणि लिंगाण्यामधली खिंड आली आणि तिथे चालणं संपलं. हार्नेस चढवलं. आता सॅकचा रुंद पट्टा हार्नेसवर चढला. कॅराबिनर अडकवायच्या कड्या पट्ट्याखाली दबल्या. दोराची गाठ नीट तपासावी म्हटलं तर बकल आड येत होतं. पट्टा सोडून दिला तर सगळं वजन खांद्यांवर येऊन मला मागे ओढू लागलं. हेल्मेट घातलेलं, वर पाहिलं की ते सॅकच्या टोपणावर आपटायचं. पहिल्या टप्प्यावर घसाऱ्यात पाय सरकला तेव्हा दोरानं धरलं, आणि तेवढ्या क्षणात सॅकनं मला अर्धवट फिरवलं. चेहरा कड्याकडे असायला हवा, तो दरीकडे झाला.

आमच्यातल्या अनुभवी मित्रानं काही न बोलता माझी सॅक काढून घेतली आणि खिंडीतच खडकाला बांधून ठेवली. दोघीत एक छोटी सॅक, तिच्यात पाणी, खाऊ, औषधं. पुढे चढणाऱ्याच्या पाठीवर काहीही नाही. वरून संपूर्ण रायगड समोर उजळताना पाहिला, आणि त्या उजेडातही मी खिंडीतल्या निळ्या ठिपक्याकडे पाहत होते.

त्यानंतर माझी जी सॅक झाली ती सुमारे चाळीस लिटरची. जास्त जागा असली की माणूस जास्त भरतो, हे मला ठाम वाटतं. दोन दिवसांच्या सह्याद्रीला चाळीस पुरतात. थंडी फार नसते, तंबूऐवजी देऊळ किंवा गुहा मिळते. तिची चौकट आत आहे, पाठीत शिवलेल्या दोन पट्ट्यांची. 1967मध्ये ग्रेग लो यानं अशी आतल्या चौकटीची सॅक बनवली. चढणाऱ्या माणसांनी ती उचलून धरली, कारण वजन पाठीला चिकटून राहतं आणि वर काही टोक उरत नाही. कमरपट्टा सुटा आहे. नाळ उतरेपर्यंत तो लावते, हार्नेस चढवण्याआधी काढून सॅकमध्येच टाकते. टोपणही निघतं, म्हणजे हेल्मेटला जागा होते. दोन्ही कुशींना लोंबणारे खिसे नाहीत. करवंदीच्या जाळीत जाऊन या, म्हणजे ते का नकोत ते समजेल. आमच्या काळ्या कातळावर कापड घासून निघतं, म्हणून तळ जाड हवा. डेनियर म्हणतात ते माप साधं आहे: 9000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनियर. माझ्या सॅकचा तळ वरच्या कापडाच्या दुपटीहून जाड आहे. पावसाळ्यात बाहेरच्या रेनकव्हरपेक्षा आतली जाड प्लॅस्टिकची पिशवी मला जास्त भरवशाची वाटते. तोरण्याच्या वाऱ्यात मी दोन कव्हरं उडताना पाहिली आहेत. आणि पाणी? ते पाठीला लागून, मध्यावर. सगळ्यात जड ते पाठीजवळ, ही आजीची शिकवण मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

मला कुणी दोन सॅका घे म्हणतं, एक चालायला, एक चढायला. पण आमच्या भोर-वेल्ह्यात चालणं कुठे संपतं आणि चढणं कुठे सुरू होतं याची पाटी लावलेली नाही. मोहरीपासून लिंगाण्यापर्यंत दोन सॅका कोण नेणार? एकच हवी, जी वाटेत हलकी होत जाईल.

यंदा माझी भाची उत्तरकाशीला निघाली आहे. 1965 साली स्थापन झालेल्या तिथल्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सला. त्याआधी आमच्या कड्यांवर सराव म्हणून तिला तिची पहिली सॅक हवी होती. पुण्यात तीन दुकानं फिरलो. दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघणाऱ्यांची मला काळजी वाटते. मी दुकानदाराकडून तांदळाच्या पिशव्या मागवून दहा किलो भरले, तिला जिना चढायला लावला, हात वर करायला लावले, गुडघा छातीपर्यंत उचलायला लावला. दोन सॅका त्याच वेळी बाद झाल्या. तिसरी आणली, परत करण्याच्या अटीवर.

गावी आलो तेव्हा संध्याकाळ होती. ओट्यावर तिला पाठमोरं उभं केलं आणि शिंप्याची टेप लावून पुन्हा मोजलं, मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत. तिचीही पाठ आखूड निघाली, आमच्या घरातली. सॅकचे पट्टे त्या मापावर सरकवले. आत बाजरी भरली, कमरपट्टा काढला, तिला हार्नेस घातलं, वर हेल्मेट. मग माळ्याची लाकडी शिडी तिच्यापुढे उभी केली. ती शिडी आजोबांची. तिच्यावरून आजी कडब्याच्या पेंढ्या वर चढवायची.

भाची पाच पायऱ्या चढली, थांबली, आणि मान पूर्ण मागे टाकून कौलांकडे पाहिलं.

"आत्या," ती वरूनच म्हणाली, "डोकं लागत नाही."