लोणारच्या स्लाइड्स

चि. चिऊस,


लोणारच्या विवरावर आणि त्यातल्या सरोवरावर केलेलं तुझं प्रेझेंटेशन मिळालं. विषय छान निवडलास आणि मेहनतही दिसते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वयाचं बघ. एका स्लाइडवर विवराचं वय ५२,००० वर्षं लिहिलंयस आणि पुढे एके ठिकाणी ५,७०,०००. दहापटीहून जास्त फरक! वर्गात कुणीतरी विचारणारच. पण दोन्ही आकडे शास्त्रज्ञांनीच काढलेले आहेत. पहिला उष्मादीप्ती पद्धतीने, १९९०च्या दशकात. दुसरा आरगॉनच्या समस्थानिकांवरून, २०११ साली प्रसिद्ध झालेला. दोन्ही एकाच स्लाइडवर शेजारी-शेजारी मांड, खाली पद्धत आणि वर्ष लिही. तुझी सगळ्यात जोरदार स्लाइड तीच होईल. आकडा कुणी, कधी, कसा काढला हे कळलं तरच ऐकणाऱ्याला त्याचं वजन ठरवता येतं. संदर्भ द्यायचे ते यासाठी.

शेवटी तू नुसतं ‘संदर्भ : गुगल’ लिहिलंयस. अगं, गुगलने फक्त पत्ता दाखवला. घर कुणाचं ते तू सांगायचंस. २०२०च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. मग त्या वाक्याखालीच संस्थेचं नाव हवं. मराठी विश्वकोशातून घेतलंस तर नोंदीचं नाव आणि नोंदीखाली असतं ते लेखकाचं नाव दे. वेबसाइट असेल तर पान कोणत्या तारखेला पाहिलंस तेही लिही, कारण पानं बदलतात. फोटोचंही तसंच. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना दिलेला असतो, तो तसाच उतरवून घे.

आता मांडणी. पहिल्याच स्लाइडवर अकरा ओळी, त्याही गुलाबी पाण्याच्या फोटोवर पिवळ्या अक्षरांत! खिडकीतून ऊन आलं की प्रोजेक्टरवर त्यातलं काहीच दिसणार नाही. शिवाय मुलं वाचत बसतील आणि तुझं बोलणं वाया जाईल. एका स्लाइडवर एकच मुद्दा ठेव, आणि मथळा म्हणून पूर्ण वाक्य लिही. नुसतं ‘निर्मिती’ लिहून काही कळत नाही. ‘अशनीच्या आघाताने बेसॉल्टमध्ये हे विवर झालं’ म्हटलं की अर्धं काम झालं. बाकीचा मजकूर खालच्या नोट्समध्ये टाक आणि तोंडाने सांग. अक्षरं शेवटच्या बाकावरून वाचता आली पाहिजेत. उडत येणारी अक्षरं काढून टाक.

आणि फॉन्ट युनिकोडच वापर. नाहीतर शाळेच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात आणि ऐन वेळी काही करता येत नाही. पीडीएफची एक प्रत पेन ड्राइव्हवर असू दे.

वयाची स्लाइड आधी दुरुस्त कर आणि रविवारपर्यंत मला पाठव. बाकीच्या मग बघू.

तुझी,
मावशी