कासच्या पठारावरील गणती

गेल्या भाद्रपदांत सांगलीच्या एका शाळेची सहल साताऱ्यास निघाली, तेव्हां नातवाच्या आग्रहानें आम्हीही तींत सामील झालों. साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटर गेलें, कीं कासचें पठार लागतें. पश्चिम घाटांतील ज्या ३९ स्थळांस युनेस्कोनें २०१२ सालीं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांपैकीं हें एक. जांभ्या कातळावर मातीचा थर अगदीं पातळ. तरी पावसाळ्याच्या अखेरीस तेरडा, सोनकी, गेंद आणि सीतेचीं आसवें यांनीं तें फुलून जातें.

मुलें फुलें पाहतील आणि डबे सोडतील, असा आमचा समज होता. परंतु शिक्षकांनीं सुतळीची एक मीटर बाजूची चौकट काढली. वनखात्याच्या परवानगीनें पायवाटेच्या कडेस चिठ्ठ्या टाकून दहा जागा ठरविल्या. प्रत्येक चौरसांतील रोपें मोजावयाचीं. फूल एकही तोडावयाचें नाहीं.

वाचकांस स्थालीपुलाकन्याय ठाऊक असेलच. एक शीत चेपून हंडीभर भाताची परीक्षा होते, कारण हंडींत भात सर्वत्र सारखा शिजतो. पठार तसें नव्हे. कोठें उघडा कातळ, कोठें डबकें, कोठें मूठभर माती. म्हणून येथें शितें पुष्कळ उचलावीं लागतात, आणि तींही आपल्या आवडीनें नव्हेत.

नातवाच्या चिठ्ठीस निव्वळ कातळ आला. त्याचें तोंड उतरलेलें पाहून आम्हीं चौकट हळूच दोन हात पलीकडे, तेरड्याच्या ताटव्यांत सरकविली. त्यानें ती मुकाट्यानें परत जागीं ठेविली आणि वहींत लिहिलें, 'तेरडा : शून्य'.

दुपारीं कास तलावाच्या कांठीं हिशेब झाला. दहांपैकीं चार चौरसांत तेरडा होता, म्हणजे वारंवारता शेकडा ४०. रोपें एकंदर ६०, म्हणजे घनता दर चौरसास ६. भरलेले चार चौरसच धरले असते, तर हाच आंकडा १५ झाला असता! अशानें पुढील वर्षीं पायांखालीं तुडवून रान घटलें, तरी वहींत तें भरलेलेंच दिसावयाचें.

आम्ही ओशाळलों. तपासणीच्या दिवशीं हुशार मुलांस पुढें बसवून त्यांच्याकडूनच उत्तरें देवविण्यांत आमची उभी हयात गेली. साहेब संतुष्ट होऊन जात. मागच्या बाकांवरील शून्यें मात्र आम्हीं कोणत्याच वहींत लिहिलीं नाहींत.