आधी ताप की आधी अडखळ

उंच पट्टीतले बारीक आवाज मला ऐकू येईनासे झाल्यापासून, म्हणजे टॅपेटची टिकटिक आणि फुटक्या प्लगवायरीतून उडणाऱ्या ठिणगीची तडतड माझ्या कानांपर्यंत पोचेनाशी झाल्यापासून, ज्या एका प्रश्नाने बंगळुरातील माझे सारे मेस्त्रीपण व्यापले, त्याकडे मला निराळ्या बाजूने पाहणे भाग पडले आहे. गाडी तापते आणि मिसिंगही मारते, अशी कैफियत घेऊन गिऱ्हाईक दारात उभे राहिले, तर आधी काय घडले, ताप की अडखळ, हा तो प्रश्न होय.

वाट दोन्ही दिशांनी आहे, हीच अडचण. टायमिंग मागे पडले असेल किंवा मिश्रण पातळ झाले असेल, तर पेट्रोल सिलिंडरात उशिरापर्यंत जळत राहते, शक्तीत रूपांतरित व्हावयाची उष्णता हेडच्या भिंतींत व एक्झॉस्टच्या झडपांत शिरते, आणि अडखळ तापाला जन्म देते. उलटपक्षी, गळक्या होजमुळे पाणी उतरले, तर बिडाच्या ब्लॉकवर बसविलेले अॅल्युमिनियमचे हेड, जे तेवढ्याच उष्णतामानाला बिडाच्या सुमारे दुपटीने प्रसरण पावते, बोल्टांच्या बंधनात वाकते, दोन सिलिंडरांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर गॅस्केट जळते, आणि ताप अडखळीला जन्म देतो. पुढे जळता वायू पाण्याच्या मार्गात घुसून पाणी बाहेर लोटू लागला, की कार्य आणि कारण यांची सरमिसळ होते, आणि आपल्या हाती येतो तो पुराव्याची उलथापालथ झालेला मुद्देमाल. काट्याची साक्षही खरी मानता येत नाही. पाणी सेन्सरच्या खाली उतरले की तो वाफेत उघडा पडतो, आणि इंजिन जळत असताना काटा मात्र खाली येतो.

या शहराने हा प्रश्न अधिकच बिकट केला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर उघडे पाणी 97 अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून रेडिएटरच्या टोपणाची स्प्रिंग सैल पडली, तर मुंबईत कशीबशी निभावून जाणारी गाडी येथे सिल्क बोर्डच्या चौकात, जेथे पुढून वारा मिळत नाही व सारा भार पंख्यावर पडतो, वाफ सोडू लागते. त्यात बोअरवेलचे पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या असतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आलेल्या पद्मिनींच्या काळी याहून सूक्ष्म घोटाळा होत असे. येथील विरळ हवेत कार्बोरेटर पेट्रोल जादा देतो, म्हणून कोणी तरी मिश्रण पातळ करून देई, आणि तीच गाडी शिराडी घाट उतरून मंगळुरास गेली, की तेथील दाट हवेत ते मिश्रण आणखी पातळ होऊन इंजिन तापे, अडखळे. परत वर आल्यावर ती नीट चाले, आणि दोष घाटाच्या माथी जाई.

आजच्या गॅरेजांविषयी माझे मत कठोर आहे आणि ते मवाळ करण्याची माझी इच्छा नाही. थर्मोस्टॅट काढून फेकणे, पंखा डायरेक्ट करून देणे, वाकलेले हेड फेस करून नवे गॅस्केट चढविणे आणि ते वाकले का याची चौकशीच न करणे, याला मी लक्षणांची मुस्कटदाबी म्हणतो. स्कॅनरवाल्यांची स्थिती वेगळी नाही. पी 0302 हा संकेत उमटला की दुसरा सिलिंडर चुकतो एवढे कळते. तो ठिणगीअभावी चुकतो, पेट्रोलअभावी, की पाणी शिरल्यामुळे, हे यंत्र सांगत नाही, आणि तरीही जे. सी. रोडवरून नवी कॉइल मागविण्याचा हुकूम तत्काळ सुटतो.

कान मंदावल्यावर ज्याच्या कानांवर मी विसंबू लागलो, तो माझा शिष्य ऐकण्यापेक्षा थांबण्यात अधिक तरबेज निघाला. गाडी रात्रभर ठेवावी, ही त्याची अट. संध्याकाळी तो रेडिएटरला हातपंपाने दाब देऊन ठेवतो, आणि सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, प्लग काढून ते नुसते फिरवतो. रात्रीतून पाणी पाझरले असेल, तर त्या भोकातून तुषार उडतात, आणि तेथल्या प्लगची चिनीमाती वाफेने धुतल्यासारखी पांढरी दिसते. गॅस्केटचा दोष असा सिद्ध झाल्यावरही तो थांबत नाही. हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवतो, खाली फीलर गेज सरकवतो. हेड वाकलेले असेल तर बहुधा ताप आधीचा, आणि हेड सपाट असून गॅस्केटची सिलिंडरालगतची कडी तेवढी जळालेली असेल, तर बहुधा ज्वलनातला बिघाड आधीचा. ‘बहुधा’ हा शब्द मात्र त्याच्या तोंडून सुटत नाही, आणि टोपण, पाण्याचा पंप, टायमिंग या सर्वांची झडती झाल्याखेरीज तो फैसला देत नाही.

मला हे अवघड गेले, कारण माझी कीर्ती नेमकी याच्या उलट गोष्टीवर उभी होती. बोनेट न उघडता, नुसते कान देऊन, चार माणसांदेखत निर्णय सांगणे आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहणे, या सुखासाठीच मी धंदा केला असे म्हटले तरी ते असत्य होणार नाही. मजुरीच्या पैशाने ते सुख कधी दिले नाही. ती आसक्ती कानांबरोबर गेलेली नाही. आजही संध्याकाळीच मी माझा अंदाज शिष्याला सांगून ठेवतो, आणि तो खरा ठरला तर गिऱ्हाइकाला माझ्या नावाने कळावा अशी तजवीजही करतो. शिष्य हे जाणतो व चालवून घेतो. पण माझ्या अंदाजाखातर रात्रभर थांबण्याची अट तो शिथिल करीत नाही, आणि ती शिथिल कर असे मीही त्याला सांगत नाही.